पैशाची पोच

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्यापैकी एकीच्या वर्गात, तृतीय वर्ष कला शाखेच्या विद्यार्थ्यांसमोर, अष्टनायिकांचा भाग चालला होता. वासकसज्जा, विरहोत्कंठिता, खंडिता, अभिसारिका अशी भरताच्या नाट्यशास्त्रातली ती परिचित यादी; तिच्यात प्रोषितभर्तृका येते. कामानिमित्त पती दूर देशी गेल्यामुळे केस न विंचरता, अलंकारांविषयी उदास होऊन बसलेली स्त्री. व्याख्या सांगून झाली, मेघदूतातल्या यक्षपत्नीचे उदाहरण देऊन झाले, आणि मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "मॅडम, पण मग तिचं घर कसं चालायचं?"

वर्ग हसला. शिकवणारीही हसली. तास संपल्यावर कळले की त्या मुलीचे वडील दोहाला वाहनचालक आहेत आणि घरी आई, आजी आणि दोन भावंडे आहेत. तिने प्रश्न विनोद म्हणून विचारलेला नव्हता.

आम्ही दोघे बहीणभाऊ. दोघेही मराठीचे अध्यापक, दोन वेगळ्या जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत. त्या रात्री फोनवर हा प्रसंग एकमेकांना सांगताना आमच्या लक्षात आले की आपली आई जवळजवळ पंचवीस वर्षे प्रोषितभर्तृका होती, आणि इतकी वर्षे ही संज्ञा शिकवताना एकदाही तिची आठवण झाली नव्हती. हालाच्या गाथासप्तशतीत पथिकाची पत्नी पानोपानी भेटते. ती दिवस मोजते, पावसाळ्याला भिते, वाटेकडे डोळे लावते. कालिदासाच्या यक्षाने मेघाबरोबर निरोप पाठवला, वाटेतली नगरे आणि नद्या सांगितल्या. पण परदेशी गेलेला माणूस मिळवलेले द्रव्य घरी कसे पोचवतो, ते कोणाच्या हाती पडते, याची चौकशी आपल्या काव्याने फारशी केलेली नाही. आम्हीही केली नव्हती. आणि आमचे तर शिक्षण त्या द्रव्यावर झालेले.

म्हणून हा लेख. तो आमच्या घराविषयी आहे, आणि पैसा पाठवण्याच्या मार्गांविषयी आहे. या दोहोंचा संबंध किती जवळचा होता, ते लिहायला बसल्यावर कळत गेले.

आमचे गाव दापोली तालुक्यात. बाबा मुंबईत लालबागच्या एका गिरणीत फिटर होते. गावाकडे एकत्र कुटुंब. कारभार थोरल्या काकांकडे. कोकणाला 'मनीऑर्डरवर जगणारा प्रदेश' असे म्हटले जाई, त्यात टोमणा असला तरी खोटे काही नव्हते. आपल्याकडे टपालखात्याने मनीऑर्डर 1880 साली सुरू केली, आणि पुढची शंभर वर्षे मुंबईतल्या चाळीतला माणूस आणि कोकणातली चूल यांच्यामध्ये हा कागद होता. फॉर्मवर रक्कम अंकी आणि अक्षरी लिहायची, पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव घालायचे, आणि तळाशी संदेशासाठी थोडी जागा असे. पोस्टमन ओटीवर येऊन नोटा मोजून देई, सही किंवा साक्षीदारासमोर अंगठा घेई. संदेशाची चिठ्ठी फाडून घेणाऱ्याला मिळे, आणि पोचपावती मुंबईला परत जाई. ती पोच हातात पडेपर्यंत पाठवणाऱ्याला चैन नसे.

बाबा महिन्याला दोन मनीऑर्डरी करीत. मोठी काकांच्या नावे. दुसरी लहान, वीस-पंचवीस रुपयांची, आईच्या नावे. दोन वेगळे फॉर्म, म्हणून दोन वेगळी वर्तणावळ. चाळीतले लोक त्यांना त्यावरून वेड्यात काढीत असत म्हणे. त्या लहान मनीऑर्डरींच्या चिठ्ठ्या आईने अजून जपून ठेवल्या आहेत. मजकूर अगदीच रुक्ष. 'पोचल्याचे कळवणे.' 'पोरीस जपणे.' एका चिठ्ठीवर नुसते 'पाऊस कसा' एवढेच आहे. आईला वाचता येत नव्हते. पोस्टमन वाचून दाखवी. त्यामुळे नवऱ्याचे जे काही शब्द तिच्यापर्यंत आले ते सरकारी नोकराच्या तोंडून आले, हे ती अजून हसत सांगते. पण त्या वीस रुपयांवर नाव तिचे होते. पोस्टमनला ते दुसऱ्या कोणाला देता येत नव्हते. थोरले काका ओटीवर बसलेले असले तरी त्याला माजघराकडे पाहून आईला नावाने हाक मारावी लागे. सासरी आल्यापासून तिच्या नावाने तिला हाक मारणारा गावातला तो एकमेव पुरुष.

18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. संपाविषयी बरेच लिहिले गेले आहे. जयंत पवारांचे 'अधांतर' आम्ही दोघांनीही वर्गात शिकवले आहे. गिरणगावातली कुटुंबे कशी विस्कटली ते त्यात येते. पण संपातून बाहेर फेकलेल्यांपैकी काही जण विमानात बसून वाळवंटात गेले, त्यांच्यामागे साहित्य फारसे गेले नाही. निदान आमच्या वाचनात मराठीत तसे ठळक लेखन आले नाही. मल्याळममध्ये बेन्यामिन यांची 'आडुजीवितम्' 2008 साली आली आणि आखातातल्या मजुराचे जगणे तिने घराघरांत पोचवले. आमच्या तालुक्यात आखाती चलनाचा राबता पिढ्यान्‌पिढ्यांचा. आमचे साहित्य मात्र मुंबईच्या धक्क्यावर थांबले.

बाबा 1983 साली कुवेतला गेले. वाट दाखवली ती शेजारच्या मोहल्ल्यातल्या एका चाचांनी. मोहल्ल्यातली माणसे आमच्या कितीतरी आधीपासून त्या बाजूला जात होती. चाचा सांगत की त्यांच्या तरुणपणी आखातात आपलाच रुपया चालायचा. मुलांना ती बढाई वाटे. पुढे वाचनात आले की ती अक्षरशः खरी होती. कुवेत, बहारीन, कतार, मस्कत या भागांत भारतीय रुपया व्यवहारात होता. त्या वाटेने सोन्याची चोरटी आयात वाढून परकीय गंगाजळीला गळती लागली, म्हणून 1959 साली रिझर्व्ह बँकेने फक्त आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा छापल्या. कुवेतने 1961 साली स्वतःचा दिनार काढला. 1966 साली रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर आणखी काहींनीही एकेक करून रुपया सोडला. मस्कत-ओमानमध्ये तो 1970 पर्यंत टिकला. म्हणजे चाचांच्या पिढीला मिळवलेला पैसा पाठवताना चलन बदलण्याचा प्रश्नच नव्हता. नोटा खिशात घालून गलबतात बसले की झाले. बाबांच्या पिढीला तो पाठवण्यासाठी कागद लागला, आणि कागद म्हटला की त्यावर नाव आले.

तो कागद म्हणजे ड्राफ्ट. आखातातून पैसा पाठवण्याची तेव्हाची सरळ रीत ती होती. पगार झाला की कामगार शुक्रवारी पैसे बदलून देणाऱ्या कंपनीत, ज्याला ते लोक 'एक्स्चेंज' म्हणत, रांग लावी. तिथे दिनार भरायचे. अशा कंपन्यांची भारतीय बँकांत खाती असत. त्यांच्यावर रुपयांचा ड्राफ्ट मिळे. तो रजिस्टर पत्रात घालून गावी पाठवायचा. पत्र पोचायला दहा-पंधरा दिवस. मग तालुक्याच्या बँकेत तो खात्यावर भरायचा. बँक तो वसुलीसाठी मुंबईला धाडणार. पैसे जमा व्हायला आणखी दोन-तीन आठवडे. मे महिन्यात मिळवलेला पैसा हातात पडेपर्यंत लावणी उरकलेली असे.

या पद्धतीत एक गोष्ट गृहीत होती: घेणाऱ्याचे बँकेत खाते हवे. आमच्या घरात खाते एकच, थोरल्या काकांचे. शिवाय व्हिसासाठी एजंटाला द्यायची रक्कम काकांनी जमीन गहाण टाकून उभी केली होती. तेव्हा ड्राफ्ट त्यांच्या नावे येणे न्यायाचेच होते. आईला वेगळे काही पाठवायचे तर दुसरा ड्राफ्ट, दुसरे रजिस्टर, आणि तो भरायला दुसरे खाते, जे नव्हतेच. ती लहान मनीऑर्डर बंद पडली. कोणी तसे ठरवले नव्हते, कोणाचा हेतूही वाईट नव्हता. बाबांना पूर्वीच्या कितीतरी पट पगार मिळू लागला, आणि आईच्या हातात येणारा पैसा मात्र शून्यावर आला. मीठमिरचीला लागेल ते ती जावेमार्फत काकांकडे मागे. थोरल्या दिरासमोर उभे राहून बोलण्याची रीत नव्हती.

ड्राफ्टखेरीज आणखी वाटा होत्या. गावी येणाऱ्याच्या हाती वस्तू येत: घोंगडीइतके जाड ब्लँकेट, टेपरेकॉर्डर, अत्तराची कुपी. सोनेही येई, कधी अंगावर, कधी सांगता येणार नाही अशा ठिकाणी. सुवर्ण नियंत्रण कायदा 1990 साली रद्द होईपर्यंत त्याला एक भीतीही चिकटलेली असे. आणि हुंडी होती.

हा शब्द आम्हा मराठीच्या माणसांना संतचरित्रांतून ठाऊक. नरसी मेहत्यांनी यात्रेकरूंना द्वारकेच्या शामळशावर हुंडी लिहून दिली आणि ती देवाने वटवली, ही कथा आम्ही भक्तीचे उदाहरण म्हणून सांगतो; पण तिच्यामागे व्यापाराची एक पक्की पद्धत उभी आहे. एका गावी पैसे द्यायचे, दुसऱ्या गावी चिठ्ठी दाखवून घ्यायचे. पैसा स्वतः प्रवास करीतच नाही, प्रवास करतो तो भरवसा. आखाती कामगारांत याच पद्धतीचे नाव हवाला. मूळ अरबी शब्द. मराठीने तो फार पूर्वी घेतला आणि आपल्या पद्धतीने वापरला: आपण ग्रंथाचा हवाला देतो, वस्तू हवाली करतो, आणि काही सुचेना झाले की देवावर हवाला ठेवतो. तिन्ही अर्थांत दुसऱ्याच्या शब्दावर विसंबणे आहे. कायद्याच्या दृष्टीने मात्र हा परकीय चलनाचा बेकायदा व्यवहार होता. आधी 1973 च्या फेराखाली, आणि आजही 1999 च्या फेमाखाली आहे. तरी लोक त्या वाटेने जात, याचे कारण अप्रामाणिकपणा एवढेच नव्हते. सरकारी दर आणि बाजारातला दर यांत तफावत असे, म्हणून हुंडीत एका दिनाराला चार पैसे जास्त मिळत. दुसरे म्हणजे पैसा दोन दिवसांत पोचे. तिसरे कारण बँकेच्या अहवालात सहसा सापडत नाही: तो घरपोच येई आणि ज्याचे नाव सांगितले त्याच्याच हातात पडे. खाते लागत नसे, सही लागत नसे.

1987 च्या पावसाळ्यात आमच्यातल्या धाकट्याला ताप आला तो उतरेना. त्याला दापोलीला दवाखान्यात ठेवावे लागले. काका तेव्हा घराच्या बांधकामात अडकलेले. आलेला ड्राफ्ट अजून वटायचा होता. मोहल्ल्यातल्या चाचांनी कोणाकडून तरी कुवेतला फोन लावून निरोप दिला. तिसऱ्या दिवशी एक अनोळखी माणूस दवाखान्याच्या व्हरांड्यात आला. त्याने आईला एक रुपयाची नोट मागितली. चाचांनी तिला ती आदल्या दिवशी आणून दिली होती आणि सांभाळून ठेव म्हणाले होते. त्याने नोटेवरचा नंबर आपल्या कागदाशी ताडून पाहिला, दोन हजार रुपये मोजून तिच्या हातात ठेवले आणि निघून गेला. नाव सांगितले नाही, अंगठा घेतला नाही.

चार वर्षांत नवऱ्याचा पैसा आईच्या हातात थेट आला तो हा असा. दवाखान्याचे भागवून उरलेले पैसे तिने भाताच्या कणगीत पुरून ठेवले आणि घरात कोणाला सांगितले नाही. थोरलीची पाचवीची पुस्तके आणि गणवेश त्यातून झाला. आम्ही आज वर्गात कायद्याच्या राज्याविषयी बोलतो, बोलायलाही हवे. त्या वाटेने आणखी काय काय येई-जाई, हे 1993 च्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांनंतर सगळ्या देशाला कळले. पण आमच्यापैकी एकीची पाटी-पुस्तके बेकायदा मार्गाने आली आणि कायदेशीर मार्ग तेव्हा आमच्या आईच्या दारापर्यंत येत नव्हता, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.

2 ऑगस्ट 1990 रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. बाबा बसरा, बगदाद करीत बसने अम्मानला पोचले. तिथून एअर इंडियाच्या विमानांनी ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात सुमारे 1,70,000 भारतीयांना परत आणले. बाबा त्यांतले एक. अंगावर एक शर्ट आणि खिशात तीन महिन्यांच्या पगाराचे कुवेती दिनार होते. जगातल्या सर्वांत महाग चलनांपैकी ते एक. पण अम्मानमध्ये बाबांच्या दिनारांना कोणी हात लावीना. त्यांतली एक नोट पुढे अनेक वर्षे आमच्या देव्हाऱ्यात होती.

ते परतले तेव्हा गावात चिऱ्याचे, स्लॅबचे घर उभे होते. सात वर्षांच्या ड्राफ्टांतून उभे राहिलेले. काकांनी बाबांच्या पुढ्यात हिशेबाची वही ठेवली. ती वही आम्ही पाहिली आहे. प्रत्येक ड्राफ्टची तारीख, रक्कम, चिरा किती, वाळू किती, गवंड्याची मजुरी, एजंटाच्या कर्जाचा हप्ता; पैशाचाही घोळ नाही. वहीच्या प्रामाणिकपणाविषयी आम्हाला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. भर पावसात चिऱ्यांवर झाकण घालायला काकाच धावले होते, बाबा नव्हे. पण ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घरमालक म्हणून एकच नाव होते, काकांचे. खाते त्यांचे, म्हणून पैसा त्यांच्याकडे आला; पैसा त्यांच्याकडे, म्हणून खरेदीच्या पावत्या त्यांच्या नावे झाल्या; पावत्या त्यांच्या, म्हणून घर त्यांचे. यात कोणी कोणाला फसवले असे म्हणता येत नाही. नाव आपल्या वाटेने पुढे सरकत गेले, इतकेच.

वाटण्या झाल्या. भांडण असे फार झाले नाही, पण अबोला आला. आमच्या वाट्याला जुन्या घराच्या दोन खोल्या आल्या. आई एवढेच म्हणाली, "भावजींनी हिशेब चोख ठेवलान. पण माझं नाव हाय कुठं त्यात?"

1992 साली बाबांना मस्कतला पुन्हा काम मिळाले. या वेळी आईने अट घातली: पैसे माझ्या नावे यायचे. त्यासाठी बँकेत खाते उघडायचे, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे नव्या खातेदाराला जुन्या खातेदाराची ओळख लागे. म्हणजे फॉर्मवर त्याने सही करायची. आईला ओळखणारा आणि त्या शाखेत खाते असणारा माणूस एकच होता. बाबा निघून गेले होते. दीड वर्षांचा अबोला. आई पंधरा वर्षांच्या थोरलीला घेऊन नव्या घराच्या ओटीवर गेली, दारात उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा थोरल्या दिराशी स्वतःच्या तोंडाने बोलली. "सही हवी हाय तुमची." काकांनी फॉर्म पूर्ण वाचला. 'मी या व्यक्तीस ओळखतो' या अर्थाची ओळ त्यावर होती. त्यांनी चष्मा पुसला, सही केली, खाते क्रमांक घातला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः तिच्याबरोबर बँकेत आले.

अंगठा चालला असता. पण आईने सही शिकायचा हट्ट धरला. चार अक्षरी नाव; थोरलीने पाटीवर काढून दिले आणि तिने ते महिनाभर गिरवले. बँकेत पहिल्या दिवशी नमुना सही करताना तिसरे अक्षर वेगळेच पडले. पुढची वीस वर्षे ती तेच चुकलेले अक्षर मुद्दाम काढीत राहिली, सही जुळावी म्हणून.

त्यानंतरचे मार्ग भराभर बदलले. मार्च 1993 मध्ये रुपयाचा विनिमय दर एकच झाला, बाजारावर ठरू लागला, आणि सरकारी दरापेक्षा हुंडीत मिळणाऱ्या जादा पैशाचे आकर्षण बरेच ओसरले. काही वर्षांनी ड्राफ्टही मागे पडला. मस्कतच्या एक्स्चेंजमधून रक्कम सरळ आईच्या खात्यात येऊ लागली. मग ती दहा आकडी नंबराची पद्धत आली: बाबा फोनवर नंबर सांगत, आई तो आम्हाला लिहून घ्यायला लावी, आणि तालुक्याला जाऊन ओळखपत्र दाखवून रोख घेई. बाबा 2004 साली कायमचे परतले. कुवेतची नुकसानभरपाई त्याआधीच संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाकडून सरकारमार्फत मिळाली होती. एकट्याने परतलेल्या आणि दुसरा दावा न करणाऱ्या माणसासाठी ठरलेली रक्कम 4,000 डॉलर. ती हप्त्यांनी आली, आणि बाबांनी ती आईच्या खात्यात भरली. त्यातून जुन्या घराच्या खोल्यांवर कौले जाऊन स्लॅब आला. त्याचा नमुना आठ आईच्या नावे आहे. बाबा 2016 साली गेले.

आता काकांचा नातू दुबईला आहे. तो मोबाइलवरून पैसे पाठवतो. घरी त्याच्या बायकोच्या मोबाइलवर संदेश वाजतो. बहुधा चहा उकळायच्या आत. 2022 साली परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी पाठवलेली रक्कम जागतिक बँकेच्या मोजणीनुसार 111 अब्ज डॉलर होती. शंभर अब्जांचा टप्पा ओलांडणारा हा पहिला देश. रिझर्व्ह बँकेच्या 2023-24 च्या पाहणीत अशा रकमेत महाराष्ट्राचा वाटा 20.5 टक्के, म्हणजे सर्व राज्यांत पहिला होता, केरळचा 19.7 टक्के. पाठवण्याचा खर्च 2030 पर्यंत तीन टक्क्यांच्या खाली आणावा असे संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत लिहिलेले आहे. हे सगळे चांगलेच आहे. वेग वाढला, खर्च उतरला, आणि मुख्य म्हणजे नव्या सुनेचे खाते लग्नाआधीपासून तिचे स्वतःचे आहे. तिला कोणाच्या ओटीवर उभे राहावे लागले नाही.

पण गेल्या गणपतीत ती आमच्या आईपाशी बसली होती, तेव्हा तिने मोबाइल उघडून दाखवला. महिन्याच्या पाच तारखेला रक्कम जमा. त्याच दिवशी घराच्या कर्जाचा हप्ता वजा, गाडीचा हप्ता वजा, कंपनीने नेमून दिलेल्या विम्याचा हप्ता वजा. सगळे आपोआप. घर सासऱ्यांच्या नावे, गाडी नवऱ्याच्या. "काकी, माझ्या खात्यातनं पैसा जातो तेवढा मला दिसतो," ती म्हणाली. आईने चष्मा लावून तो छोटा पडदा बराच वेळ पाहिला आणि विचारले, "यात खाली काय लिवलान नाय त्याने?" सुनेने पाहिले. पाठवण्याचे कारण म्हणून इंग्रजीत 'कुटुंबनिर्वाहासाठी' अशा अर्थाचे दोन शब्द होते. ते त्याने लिहिलेले नव्हते. यादीतून निवडलेले होते.

येथे जुन्या चिठ्ठ्यांचे गोडवे गाण्याचा मोह होतो, पण तो खरा नव्हे. 'पाऊस कसा' ही चिठ्ठी आम्हाला आज कविता वाटते; ती ज्या व्यवस्थेतून आली तिने आईला वर्षानुवर्षे नवऱ्यापासून दूर ठेवले. चिठ्ठीचे मोल तिच्यातल्या शब्दांत नव्हते. ती आईच्या नावे होती, यात होते. पैसा कोणत्या वाटेने आला यावर तो कोणाचा झाला हे आमच्या घरात प्रत्येक वेळी ठरत गेले. वाट वेगवान झाली म्हणून तो प्रश्न मिटत नाही. फक्त तो पोस्टमनच्या हाकेतून निघून मोबाइलच्या पडद्यावर आला आहे.

आई दुसऱ्या दिवशी त्या सुनेला घेऊन तालुक्याच्या बँकेत गेली. काय झाले ते आम्हाला फोनवर कळले. सुनेने एक वेगळे खाते उघडले आहे, हप्ते नसलेले. नवऱ्याला सांगून त्यावर महिन्याला थोडी वेगळी रक्कम यायची आहे. "दोन ठिकाणी कशाला, असं तो म्हणाला," आईने सांगितले, "मग मीच फोन घेतला. म्हटलं, तुझा आजेचुलता दोन फॉर्म भरीत व्हता."

या वर्षी अष्टनायिकांचा तो भाग पुन्हा शिकवायचा आहे. दोह्याच्या वाहनचालकाची मुलगी आता पदवी घेऊन गेली. तिला उत्तर द्यायचे राहिले, याची खंत आहे. पण तिचा प्रश्न आम्ही दोघांनीही आपापल्या टाचणात, प्रोषितभर्तृकेच्या व्याख्येखालीच, तिच्या शब्दांत लिहून ठेवला आहे. या वेळी व्याख्या सांगून झाली की तो वर्गाला आम्हीच विचारणार आहोत.